ममीचा डावा पाय

रविवारी दुपारी टीव्हीवर एक जुना कृष्णधवल भयपट लागला होता. हजारो वर्षांपूर्वीची ममी पेटीतून उठते आणि तिची पट्टी चोरणाऱ्याच्या मागे लागते. सगळा मामला इतका स्वस्तातला, की थडग्याची पुठ्ठ्याची भिंत हलत होती आणि ममीच्या पट्ट्यांखालून नटाचे बूट डोकावत होते. मी आणि आई पोट धरून हसत होतो.

मग ममी चालू लागली. उजवा पाय टाकायचा, डावा फरफटत ओढायचा. आईचं हसू थांबलं.

"बंद कर गं ते."

अर्धांगवायूनंतर बाबा असेच चालायचे. त्यांच्या सुजलेल्या डाव्या पायाला रोज सकाळी मी क्रेप बँडेज गुंडाळायचे. आपल्याकडे गेलेल्या माणसाच्या अस्थीसुद्धा घरात आणत नाहीत. तेराव्याच्या आत आईने त्यांचे कपडे, चपला, काठी, सगळं देऊन टाकलं. ते बँडेज मात्र तिच्या नकळत मी माझ्या कपाटात ठेवलं. अजून तिथेच आहे.

पडद्यावर दारावर थाप पडली. आतली मुलगी उठली. "अगं बये, उघडू नकोस!" असं मघाशी मीच ओरडले असते. आता मी त्या दाराच्या कडीकडे बघत होते. ममी इतकी सावकाश येते, की कुणीही सहज पळून जाईल. तरी ही माणसं पळत का नाहीत, ते मला तेव्हा कळलं.

मी टीव्ही बंद केला. बाबा येतील, ही भीती नव्हतीच. ते आले, तर मी कडी काढीन, ही होती.