देवस्थळीकाकूंचा तिसरा सामना

मॅच खेळून घरी आलं की बाकी मुलींच्या आया विचारायच्या, "जिंकलात का?" देवस्थळीकाकूंनी हा प्रश्न मला कधी विचारला नाही. एखाद्या मॅचला त्यांना येता आलं नाही, तर त्या बिल्डिंगच्या लिफ्टपाशी येऊन उभ्या राहायच्या आणि माझी बॅग खांद्यावरून उतरायच्या आत विचारायच्या, "किती सोडले?" म्हणजे, फ्री थ्रो किती चुकवलेस. समोर कुणी अडवायला नाही, कुणी ढकलत नाही, रेषेवर एकटीनं उभं राहून शांतपणे रिंगमध्ये चेंडू टाकायचा, तो फ्री थ्रो. "बाकीच्या बास्केट समोरची पोरगी हुकवते," काकू म्हणायच्या, "ही आपली आपण हुकवतो. तेवढं सांग मला, मग खुशाल जेवायला जा."

अबू धाबीत आम्ही चौथ्या मजल्यावर राहायचो आणि देवस्थळी पाचव्या. काका मुसफ्फातल्या एका वर्कशॉपमध्ये इंजिनिअर होते. अतिशय शांत माणूस. घरातली सगळी बडबड काकूंच्या वाट्याला आली होती. काकू मिरजेच्या. उंची पाच फूट नऊ इंच, त्यामुळे मंडळाच्या हळदीकुंकवाला बायकांच्या घोळक्यात त्या खुर्चीवर चढून उभ्या आहेत असं वाटायचं. लग्नाआधी त्या रेल्वेच्या संघातून खेळत. "खेळण्याचा पगार घेतलाय मी," हे त्या दर दोन दिवसांनी तरी ऐकवायच्याच. "ऑफिसात जायचे ती सहीपुरती. घाम सगळा कोर्टवर." आपल्याकडे बायकांना बास्केटबॉलवर पोट भरायचा तेव्हा तेवढाच एक रस्ता होता. मग उजवा गुडघा गेला, मग लग्न झालं आणि मग अबू धाबी.

नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकांच्या पासपोर्टवर शिक्का असायचा: गृहिणी, नोकरी करण्यास परवानगी नाही. आईसारख्या बायका त्या शिक्क्याकडे पाहून उसासा टाकायच्या. काकूंनी तो शिक्का मला एकदा चष्मा लावून नीट वाचून दाखवला होता. "नोकरी करायची नाही म्हणतात. खेळ शिकवायचा नाही असं कुठे लिहिलंय? दाखव." मी म्हटलं, "नोव्हेअर." "मग यल्ला, बूट घाल."

बिल्डिंगच्या मागे पार्किंगमध्ये दिव्याच्या खांबाला त्यांनी काकांकडून एक रिंग बसवून घेतली होती. वर्कशॉपमधलीच लोखंडी, त्यामुळे ती उन्हात अशी तापायची की चेंडू अडकला तर काढायची हिंमत होत नसे. शाळेतून आल्यावर त्या रिंगवर रोज शंभर फ्री थ्रो, हा नियम होता. "काकू, इट्स फॉर्टी डिग्रीज!" असं मी ओरडायचे. "छान. हवा गरम असली की चेंडू चांगला उसळतो," असं उत्तर मिळायचं. मी तेव्हा अकरावीत होते, ताडमाड वाढलेली आणि पाठीत वाकून चालणारी. काकूंनी माझं नाव जिराफ ठेवलं होतं. "जिराफ कधी मान खाली घालून फिरतो का गं? बोर्डाकडे बघू नकोस, मागची कडी बघ. रिंगची मागची कडी, बोर्डाकडची. तिथं डोळे ठेव, हात आपोआप येतात." माझी पाठ सरळ झाली ती या एका वाक्यामुळे. ऑर्थोपेडिक डॉक्टरकडे घालवलेलं वर्ष वाया गेलं होतं.

नव्वदीच्या शेवटी अमेरिकेत बायकांची व्यावसायिक लीग सुरू झाली. सीझन संपला की पहिल्या काही संघांचे वेगळे सामने व्हायचे, प्ले-ऑफ, आणि त्यातली फायनल तीन सामन्यांची. दोन जिंकेल तो चॅम्पियन. डिशवर ते सामने भलत्याच वेळी लागत, म्हणून काकू व्हीसीआरला टायमर लावून ते टेप करायच्या आणि दुपारी आम्हाला दाखवायच्या. टीव्हीसमोर चटई टाकून आम्ही पाचसहा जणी आणि रिमोट काकूंकडे. "बघा गं पोरींनो, या बायकांचं घर यावर चालतं," असं म्हणताना त्यांचा आवाज थोडा बदलायचा. मत्सर असेल, आनंदही असेल. मला तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, दोन्ही होतं.

त्या टेपा पाहूनच काकूंच्या डोक्यात तीन सामन्यांनी घर केलं. आमच्या इथल्या भारतीयांच्या असोसिएशनची पाच संघांची लेडीज लीग होती. मल्याळी नर्सेस, शाळेतल्या टीचर्स, फिलिपिनो मुलींचा एक जबरदस्त संघ आणि काकूंनी तयार केलेला आम्हा मुलींचा, असे. शेवटी एक फायनल आणि लगेच समोसे. काकू सेक्रेटरीसाहेबांकडे गेल्या. ते म्हणाले, "भाभीजी, लेडीज के लिए एक फायनल काफी है." काकू म्हणाल्या, "एक मॅच में नसीब भी जीत सकता है. तीन में खेल जीतता है. हमको तीन चाहिए." गुण मोजायचं टेबल, पंच, पाणी, सगळं स्वतः बघते, असं कबूल करून त्यांनी ते तीन सामने पदरात पाडून घेतले. काकू वारल्या त्याला आता चार वर्षं झाली. मी अबू धाबीतच, रीम आयलंडवर राहते, तिथल्या एसी हॉलमध्ये शनिवारी मुलींना शिकवते आणि आमच्या छोट्याशा लीगची फायनल अजूनही तीन सामन्यांचीच असते. ती तशी का, हे मुलींना ठाऊक नाही.

तीन सामन्यांच्या त्या पहिल्याच वर्षी आम्ही फायनलला आलो. समोर फिलिपिनो संघ. त्यांची कॅप्टन मरितेस एका लाँड्रीत काम करायची. माझ्या खांद्याला लागेल एवढी उंची, पण तिच्या हातातला चेंडू कुणाला दिसत नसे. पहिला सामना आम्ही जिंकलो. दुसरा, पुढच्या शुक्रवारी, एका गुणानं हरलो. शेवटच्या मिनिटात मला दोन फ्री थ्रो मिळाले होते आणि मी दोन्ही सोडले. त्या दिवशी काकू बाकावरच होत्या, त्यामुळे विचारायची गरज नव्हती. त्यांनी नुसती दोन बोटं वर केली आणि पाण्याची बाटली माझ्या हातात दिली.

घरी येताना गाडीत काका न राहवून बोलून गेले. त्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं होतं, व्हिसा कॅन्सल झाला होता आणि देश सोडायची मुदत पुढच्या शुक्रवारी संपत होती. तिकीट त्याच दुपारचं होतं. तिसरा सामना होता त्या संध्याकाळी. म्हणजे मी त्यातला एक जरी फ्री थ्रो टाकला असता, तर कदाचित तिसऱ्याची वेळच आली नसती आणि काकू जिंकलेली फायनल बघून गेल्या असत्या. मी मागच्या सीटवर हमसून हमसून रडायला लागले. काकू मागे वळल्याही नाहीत. "रडायचं असेल तर आज रडून घे. पुढच्या शुक्रवारी वेळ मिळायचा नाही. आणि त्या दोन थ्रोंवरच मॅच गेली असं समजू नकोस, आधीचे सोळा गुण कोण देऊन बसलं होतं? आपण सगळ्या."

दुसऱ्याच दिवशी काकू लाँड्रीत जाऊन मरितेसला भेटल्या. शुक्रवारी संध्याकाळऐवजी सकाळी आठला खेळाल का? मरितेसचा संघ गुरुवारी उशिरापर्यंत कामावर असायचा. सुट्टीची एकच सकाळ. तिनं इस्त्री बाजूला ठेवली आणि म्हणाली, "मॅम, एट ओक्लॉक, नो प्रॉब्लेम."

आणि गुरुवारी दुपारी पाऊस आला. अबू धाबीत वर्षातून तीनचार वेळा पाऊस यायचा आणि पाणी वाहून जायची सोय कुठेच नसल्यामुळे तासाभरात रस्त्यांची तळी व्हायची. आमचं कोर्ट उघड्यावर, तेही खोलगट. संध्याकाळी सेक्रेटरीसाहेबांचा फोन आला. मी काकूंच्या घरीच होते, आवरायला मदत करत. ते म्हणाले, "खलास भाभीजी, कोर्ट में पानी है. दोनों टीम को जॉइंट विनर कर देते हैं, आप भी खुश होकर जाइए." काकू म्हणाल्या, "आधा ट्रॉफी मैं मिरज ले जाके किधर रखूँ? मॅच होगा. इन्शाल्ला नहीं बोल रही हूँ, होगा बोल रही हूँ."

शुक्रवारी सकाळी सहाला आमची बेल वाजली. दारात काकू, खांद्यावर फरशीचं पाणी ओढायचे चार वायपर. घरातलं सगळं सामान बांधून झालं होतं, त्यांचा स्वतःचा वायपर तेवढा त्यांनी बाहेर ठेवला होता. बाकीचे शेजारच्या फ्लॅटांतून उठवून आणले होते. आईनं आमचाही दिला आणि वर जुने टॉवेलही दिले. कोर्टवर पोचलो तर एका बाजूला घोट्याएवढं पाणी, आणि त्या पाण्यात पँट गुडघ्यापर्यंत दुमडून मरितेस आणि तिच्या संघातल्या पाच मुली बादल्या घेऊन आधीच उभ्या. मला वाटलं होतं, जॉइंट विनरवर त्या खूश असतील. मरितेस म्हणाली, "मॅम, वी ऑल्सो वाँट गेम थ्री."

मग दोन्ही संघांनी मिळून अडीच तास पाणी काढलं. एका रांगेत वायपर लावून आम्ही पाणी कुंपणापर्यंत रेटत न्यायचो, बादल्यांनी बाहेर टाकायचो, की मागून दुसरं यायचं. काकू गुडघा धरून कोर्टभर फिरत होत्या. "मधे रेषा सोडू नका गं! वायपरला वायपर लागला पाहिजे!" एक कोपरा काही केल्या सुकेना. शेवटी दोन्ही कॅप्टन आणि पंच यांनी मिळून तो कोपरा आउट ठरवला आणि त्याच्याभोवती खडूनं रेघ मारली. बास्केटबॉलच्या नियमांच्या पुस्तकात असं काही नाही.

सामना नऊला सुरू झाला. आठला झाला असता तर काकूंना पूर्ण मिळाला असता. सव्वादहाला काकांची गाडी कुंपणापाशी येऊन उभी राहिली, टपावर बॅगा बांधलेल्या. त्यांनी हॉर्न दिला नाही. नुसते उतरून जाळीपाशी उभे राहिले. तीन मिनिटं उरली होती आणि आम्ही दोन गुणांनी मागे होतो. काकूंनी टाइम आउट घेतला. आम्ही भोवती जमलो. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाल्या, "मी निघते."

मी म्हटलं, "काकू, फक्त तीन मिनिटं!"

"विमान माझ्यासाठी तीन मिनिटं थांबत नाही, जिराफ. आणि मला मॅच बघायची होती म्हणून हा खटाटोप केला नाही मी. मॅच व्हायला हवी होती. होतेय." मग त्यांनी डिफेन्समध्ये कुणी कुणाला धरायचं ते सांगितलं, अगदी रोजच्यासारखं, माझ्या पाठीत एक थाप मारली आणि म्हणाल्या, "मागची कडी." मरितेसच्या बाकापाशी थांबून तिच्याशी हात मिळवला आणि लंगडत गाडीकडे गेल्या. गाडी वळेपर्यंत त्यांनी मागे पाहिलं नाही. त्या क्षणी मला त्यांचा भयंकर राग आला होता, हेही सांगून टाकते.

शेवटची काही सेकंदं. आम्ही एका गुणानं मागे, मला ढकललं म्हणून दोन फ्री थ्रो. सगळं गेल्या शुक्रवारसारखं, फक्त बाकावर काकू नाहीत. मी मागच्या कडीवर डोळे ठेवले. पहिला आत गेला. बरोबरी. दुसरा कडीवर आदळला, उडाला आणि मरितेसच्या हातात पडला. पुढचं मी पाहिलं ते तिच्या पाठीमागून धावताना. दोन गुणांनी त्या जिंकल्या.

तासाभरानं असोसिएशनच्या ऑफिसातला फोन वाजला. वॉचमननं हाक मारली, "बेबी, एअरपोर्ट से!" मी ओल्या बुटांनी धावत गेले. मागे उद्घोषणा चालू होत्या.

"किती सोडले?"

"एक."

"पहिला की दुसरा?"

"दुसरा."

मग काकू म्हणाल्या, "गेल्या शुक्रवारी दोन सोडले होतेस," आणि लगेच, "शेवटपर्यंत कोणी घसरलं नाही ना?" मी नाही म्हटलं. तेवढ्यात त्यांचं कार्ड संपलं आणि लाइन गेली.

कोण जिंकलं ते त्यांनी विचारलंच नाही, आणि ते सांगायचं राहिलं हे फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं. मी बाहेर आले. बाकीच्या पांगल्या होत्या. मरितेस एकटी वायपर गोळा करत होती. मी चेंडू उचलला आणि रेषेवर जाऊन उभी राहिले. तिनं वायपर कुंपणाला टेकवले, ती रिंगखाली जाऊन उभी राहिली आणि माझा प्रत्येक चेंडू मला परत देत राहिली.

शंभरात अकरा सोडले. मिरजेच्या पत्त्यावर पहिलं पत्र टाकलं, त्यात मी तेवढंच लिहिलं.