मिलिंददादा बरा झाला होता

माझा मावसभाऊ बरा झाला होता, म्हणून गेला.

हे वाक्य चुकलेलं नाही.

आज मिलिंददादाचा स्मृतिदिन. वारंगा फाट्यावर त्याचं पंक्चरचं दुकान होतं. तिथे थांबणाऱ्या शेषराव नावाच्या ड्रायव्हरने त्याला ब्राऊन शुगर दाखवली. आधी थकवा घालवायला घ्यायचा. मग नुसतं उठून बसता यावं म्हणून.

व्यसनमुक्ती केंद्रातून तो परत आला तेव्हा मी नांदेडला बी.फार्म करत होते. मावशीने एसटीडी बूथवरून फोन केला.

"पोरगं पयल्यासारखं झालं माय. भाकर मागून खाऊन राहिलं."

सुट्टीत भेटायला गेले. दादाने जुन्या टायरवर बसवलं, चहा मागवला.

"काय डॉक्टरीणबाई, आमच्या डोक्यात काय दिसून राहिलं?"

सांगितलं. दुखणं शमवणारी रसायनं मेंदू स्वतःच बनवतो. पेशींवर त्यांच्यासाठी रिसेप्टर असतात, म्हणजे बसायच्या ठरलेल्या जागा. ब्राऊन शुगर त्याच जागा बळकावते. रोजच बळकावायला लागली की मेंदू स्वतःला बधिर करून घेतो. मग तेवढ्याने भागत नाही, जास्त लागते.

सोडली की हा बधिरपणा हळूहळू ओसरतो.

"म्हंजे पंक्चर निघतं."

"निघतं."

"मंग झालं की. पंक्चर काढलेल्या ट्यूबमधी आमी हवा पयल्याइतकीच भरतो."

मेंदू म्हणजे ट्यूब नाही, म्हटलं. सोसायची ताकद आधी जाते, ओढ मागे राहते. त्या मधल्या काळात जुनं प्रमाण घेतलं तर श्वास थांबतो.

तो हसला. घेणार कोण हाय, म्हणाला, आणि पाना उचलून कामाला लागला.

दर पौर्णिमेला आमच्या विहारात सगळे मिळून पंचशील म्हणतात. पाचवं शील नशेपासून दूर राहण्याचं. ते आलं की मावशी दादाच्या ओठांकडे बघायची.

एका पौर्णिमेला चौथ्यापर्यंत त्याचा आवाज खणखणीत होता. चौथं, खोटं न बोलण्याचं.

पाचव्याला ओठ मिटलेले.

मावशीने ते पाहिलं. पण घरी येऊन तो पोटभर जेवला. अंग भरलं होतं, चेहरा उजळला होता. तिने ताटात आणखी एक भाकर वाढली.

त्याच आठवड्यात शेषरावचा ट्रक फाट्यावर थांबला.

पुढचं शेषरावनेच सांगितलं. मातीच्या दिवशी, मान वर न करता. त्याने दादाला म्हटलं होतं, लई दिवसानं घेऊन राहिला, अर्धीच घे.

दादा म्हणाला,

"पंक्चर काढलेल्या ट्यूबमधी अर्धी हवा भरतेत का रे?"

मग तो ट्रकच्या सावलीत आडवा झाला. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं, झोपलाय. ओठ निळे पडत होते, ते कोणी वाकून पाहिलं नाही.

तुमच्या घरात कोणी सोडून परत आलं असेल तर एवढं लक्षात ठेवा. तो सगळ्यात धडधाकट दिसतो, तेव्हाच सगळ्यात जास्त धोका असतो.

आज सकाळी विहारात गेले होते.

मावशी आता पाचवं शील दोनदा म्हणते. एकदा सगळ्यांबरोबर. एकदा सगळे थांबल्यावर, एकटी.

कोणी तिला थांबवत नाही.

जयभीम, दादा.