मोठ्या थंडीची तारीख

मोरेश्वर देशकर आयर्लंडमध्ये डंडॉकला मुलाकडे आले तेव्हा नागपूरहून पंचांग घेऊन आले होते. ते इथे चालेना. त्यातल्या वेळा तिकडच्या सूर्योदयाच्या. इथे डिसेंबरात सूर्य साडेआठनंतर उगवायचा, तोही उगवला म्हणायचं म्हणून. उभा जन्म पाटबंधारे खात्यात पाऊस मोजलेला माणूस. आजचा दिवस कसा आहे हे ठाऊक नसताना बाहेर पडलं की त्यांना अनवाणी निघाल्यासारखं वाटे.

नात स्वानंदीला शाळेत सोडताना फाटकापाशी शेनबाई भेटत. नवरा गेल्यावर त्या चीनमधून मुलाकडे आल्या होत्या. दोघांचं इंग्रजी सारखंच मोडकं, म्हणून बरं जमे. त्यांनी एकदा फोनवर आपलं जुनं कॅलेंडर दाखवलं. सूर्याच्या वाटेचे चोवीस टप्पे, पंधरवड्याला एक, प्रत्येकाला नाव. पांढरं दव. छोटी थंडी. मोठी थंडी. मग वसंताची सुरुवात. आपली पावसाची नक्षत्रंही सूर्यावरूनच लागतात, मोरेश्वरांना आठवलं. आणि सूर्य तर सगळीकडे तोच. पंचांग त्यांनी कपाटात ठेवून दिलं.

"टप्पा बदलताना म्हाताऱ्यांनी जपायचं," शेनबाई म्हणाल्या होत्या. "माझा नवरा मोठ्या थंडीत गेला."

एवढंच. पण त्या टप्प्याची मोरेश्वरांनी मनातल्या मनात अमावास्या करून टाकली.

त्यांच्या पत्नी सुमित्राबाईंच्या हृदयाची झडप आकसली होती. ऑपरेशन डब्लिनला व्हायचं होतं आणि नंबर लागायची सगळं घर वाट बघत होतं. हॉस्पिटलकडे फोन नंबर मोरेश्वरांचा दिलेला. जानेवारीच्या सुरुवातीला, शाळेच्या वाटेवरच, फोन वाजला. तारीख वीस जानेवारी.

मोठी थंडी त्याच दिवशी लागत होती, वसंत चार फेब्रुवारीला.

"चार फेब्रुवारीनंतर द्या," ते म्हणाले. ही तारीख नाकारली तर पुढची कधी मिळेल सांगता येणार नाही, फोनवरची बाई सावकाश, समजावून म्हणाली. "ग्रँड," मोरेश्वर म्हणाले. 'ठीक आहे' म्हणून संभाषण संपवायला हा शब्द ते इथेच शिकले होते.

"आजोबा, हू वॉज दॅट?"

"राँग नंबर, बेटा."

त्यानंतर त्यांचं लक्ष जिन्याकडे लागून राहिलं. सुमित्राबाई आधी मधल्या वळणावर थांबत, आता त्याच्या बऱ्याच खाली थांबू लागल्या. थांबल्या की कठड्यावरची नसलेली धूळ पुसत. मोरेश्वर खालून ऐकत राहत: श्वास, मग पाऊल, मग नुसताच श्वास.

वीस तारीख उजाडली ती ढगाळ आणि कोमट. पोरं कोटाची बटणं उघडी टाकून शाळेत पळत होती. मोरेश्वरांनी शेनबाईंना सगळं सांगितलं. शाबासकी मिळेल अशी कुठेतरी आशा होती.

"जपायचं म्हणजे पाय गरम ठेवायचे," त्या म्हणाल्या. "टोपी घालायची. डॉक्टरने बोलावलं तर जायचं."

"पण तुमचे मिस्टर..."

"त्यांनाही बोलावलं होतं. वसंत लागू दे, मग जातो म्हणाले."

मोरेश्वरांनी फुटपाथवरूनच हॉस्पिटलला फोन लावला. बराच वेळ संगीत वाजलं. मग कुणीतरी नाव लिहून घेतलं, कुणाची तारीख रद्द झाली तर कळवू म्हणालं. कधी, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

घरी सुमित्राबाई जिन्याच्या दुसऱ्याच पायरीवर बसल्या होत्या. पाय उघडे, बोटांची नखं निळसर. मोरेश्वरांनी वाळत घातलेले लोकरी मोजे आणले आणि खाली बसून एक पाय मांडीवर घेतला.

"अहो, हे काय नवीन? सून बघेल."

"बघू दे."

"त्या हॉस्पिटलवाल्यांना आपली आठवण तरी आहे का हो?"

मोज्याची टाच नीट बसेना. ते ती पुन्हा पुन्हा सारखी करत राहिले.

"आहे," ते म्हणाले. "बोलावलं होतं. आजच."

सुमित्राबाईंनी पाय काढून घेतला नाही. श्वास पुरेसा जमेपर्यंत त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"मग आपण इथे काय करतोय?"