प्रमाणापुरत्या काकू

काकूंनी सगळे जग पाहिले आहे असे त्यांच्या इमारतीतले लोक मानत, आणि हा समज खोडून काढायला काकूंना कधी सवड झाली नाही. जगातल्या बहुतेक नावाजलेल्या धबधब्यांपुढे, हिमनद्यांपुढे, मिठाच्या मैदानांपुढे आणि एका धुमसत्या ज्वालामुखीपुढेही त्या उभ्या राहिल्या होत्या, याला छायाचित्रांचा भक्कम पुरावा होता. अडचण एवढीच की प्रत्येक छायाचित्रात त्या, मागे जे काही असेल त्याच्याकडे पाठ करून, थेट काकांकडे पाहत होत्या.

काका भूमापन खात्यात नकाशे काढत. उतरत्या टेबलावर ट्रेसिंगचा कागद ताणून बसवायचा, शाईच्या लेखणीने डोंगराचे उंचवटे एकात एक वेटोळी घालत उतरवायचे, चुकलेली रेघ ब्लेडने हलकेच खरवडायची, आणि सर्वांत शेवटी खालच्या कोपऱ्यात प्रमाणपट्टी आखायची, यात त्यांची उमेदीची वर्षे गेली. ज्या चित्राला प्रमाण नाही ते चित्र म्हणजे त्यांच्या लेखी अफवा. “शेजारी माणूस उभा नसेल,” असे ते ऐकणाऱ्याला, आणि बऱ्याचदा न ऐकणाऱ्यालाही, सांगत, “तर धबधबा कोणता आणि गच्चीवरची फुटकी टाकी कोणती, हे तुम्ही ओळखणार कसं?” मुलगी नोकरीला लागली, घर मार्गी लागले आणि दोघे सहल कंपनीच्या गटांबरोबर जग पाहायला निघाले, तेव्हा हा शेजारचा माणूस कोण असणार याची चर्चा घरात झाली नाही. ते गृहीतच होते.

एकदा प्रमाण ठरले की ते बदलता येत नाही. त्यामुळे काकूंचा निळा कोट बदलता येत नव्हता, केसांचा अंबाडा वर सरकवता येत नव्हता आणि टोपी घालणे म्हणजे तर शुद्ध लबाडी होती. एका सहलीत काकूंनी हौसेने टाचेची नवी चप्पल घातली. फोटो धुऊन आल्यावर काका दोन दिवस घरात बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “तुझ्या चपलेपायी एवढा मोठा धबधबा बुटका झाला.”

उभे राहण्याचीही पद्धत ठरलेली होती. काका लांब, बहुधा एखाद्या भिंतीच्या आधाराने, कॅमेऱ्याची तिपाई रोवत. काकू त्यांच्याकडे तोंड करून एकेक पाऊल मागे जात. काकांच्या हातातला पांढरा रुमाल डावीकडे हलला की डावीकडे, उजवीकडे हलला की उजवीकडे, आणि खाली पडला की जिथल्या तिथे. नजर रुमालावरून ढळता कामा नये. जगातल्या यच्चयावत कड्यांपर्यंत काकू अशा उलट पावलांनी पोचल्या होत्या. वाटेत परके लोक घाबरून त्यांचा दंड धरत. काकू हसून आभार मानत आणि मागे जात राहत.

“अहो, मागे काहीतरी धडाडलं!” ज्वालामुखीपाशी त्या ओरडल्या होत्या.

“हलू नकोस! फार सुरेख आलंय!”

तेव्हा काकूंनी जे जग पाहिले ते जग पाहणाऱ्यांचे. इमारतीच्या तळमजल्यावर कपडे दुरुस्तीचे त्यांचे दुकान होते. तिथे गिऱ्हाईक आरशात पाही आणि काकू गिऱ्हाइकाकडे, त्यामुळे त्यांना हे काही नवे नव्हते. निसर्गाचा चमत्कार समोर आला की माणसाचे तोंड उघडते, मग हात खिशातल्या फोनकडे जातो, मग त्याला सोबतच्या माणसांची आठवण होते आणि लगेच भूक लागते, हा क्रम कोणत्याही खंडात बदलत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. कुणाच्या कोटाची शिवण काखेत उसवली आहे आणि कुणाची पँट उसनी आहे, हेही त्यांना सहलीच्या पहिल्याच थांब्यावर कळत असे.

हे असेच चालायचे. पण एके दिवशी दुकानात एक बाई जाकीट सैल करून घ्यायला आल्या. बोलता बोलता त्यांनी सांगितले की आपणही ती प्रसिद्ध हिमनदी पाहून आलो. “काय हो तिचा रंग! तुम्हाला कसा वाटला?”

“पांढराशुभ्र,” काकू टाचण्या तोंडातून काढून म्हणाल्या.

“पांढरा? आम्हाला तर निळी दिसली. अगदी तुमच्या त्या खुंटीवरच्या कोटासारखी.”

काकूंनी जाकीट बाजूला ठेवले. काका कृष्णधवलच फोटो काढत. रंग नकाशात सर्वांत शेवटी भरतात आणि न भरले तरी चालते, असे त्यांचे मत होते. बाई गेल्यावर काकूंनी मुलीला फोन लावला.

“अगं, मी सगळं जग पाठीनं पाहिलंय.”

“मग वळ ना, आई.”

“वळले तर रुमाल कसा दिसणार?”

“आई,” मुलगी म्हणाली, “तू आत्ता काय बोललीस ते तुला ऐकू आलं का?”

काकूंना ते ऐकू आले होते, आणि रात्री अर्धवट झोपेत पुन्हा पुन्हा ऐकू येत राहिले. आता एकच सहल उरली होती. काकांच्या गुडघ्यांनी सक्त ताकीद दिली होती, मुलीनेही दिली होती. शेवटची म्हणून दोघांनी जगातल्या त्या सर्वांत प्रसिद्ध घळीची निवड केली होती. काकांना ती हवी होती कारण वाचनालयाच्या दालनात त्यांचे प्रदर्शन भरणार होते, जगातले सगळे चमत्कार एकाच मापाने, आणि त्यातली शेवटची चौकट रिकामी होती. काकूंना ती हवी होती कारण ही संधी गेली तर डोळे असून काही पाहिले नाही असेच त्यांना म्हणावे लागले असते.

बसमध्ये त्यांनी विषय काढला. “या वेळी मी आधी बघणार. मग उभी राहणार.”

“ऊन थांबत नसतं गं कुणासाठी.”

“घळ थांबलीय ना इतकी वर्षं? मग ऊनही थांबेल.”

“बघू,” काका म्हणाले. काकांच्या तोंडी या शब्दाचा अर्थ नकार असा होतो, हे काकूंना लग्नानंतर आठवडाभरातच कळले होते.

पुढच्या बाकावरचे दातांचे डॉक्टर मागे वळले. निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणाच्याही तोंडात डोकावायला मिळत नसल्यामुळे ते इतरांच्या बोलण्यात डोकावत. “वहिनी, तुम्ही बिनधास्त बघा. प्रमाणाला मी उभा राहतो.”

“तुमचं पोट मध्ये येईल,” काका गंभीरपणे म्हणाले. “उंचीचं माप घ्यायचंय, रुंदीचं नाही.”

घळीच्या काठावर लोखंडी कठडा होता, वारा होता आणि तोंड उघडून उभी राहिलेली माणसे होती. काकांनी प्रसाधनगृहाच्या भिंतीशी तिपाई रोवली. काकू सवयीने त्यांच्याकडे तोंड करून मागे निघाल्या. रुमाल डावीकडे हलला, त्या डावीकडे झाल्या. पाठीला कठड्याचा गार स्पर्श झाला. समोरच्या माणसांचे चेहरे त्यांनी पाहिले आणि त्यांना जाणवले की या वेळी क्रम चुकला आहे. तोंडे उघडली होती, पण खिशाकडे एकाचाही हात गेलेला नव्हता. असे त्यांनी पूर्वी कुठे पाहिले नव्हते. रुमाल खाली पडला, आणि काकू वळल्या.

पहिल्यांदा त्यांना काही दिसलेच नाही. एवढे एकदम पाहण्याची डोळ्यांना सवय नव्हती. मग हळूहळू एकेक थर सुटा होऊ लागला. तांबडा, त्याखाली गेरूचा, त्याखाली राखेचा, त्याखाली जुन्या पितळेचा, जणू कुणी कापडाची ठाणे एकावर एक रचून त्यांत निर्दयपणे कात्री चालवली होती, आणि बेतलेले शिवायचे मात्र राहून गेले होते. खालून वर येणारा वारा कोटात शिरत होता. आपले तोंड उघडे आहे हे काकूंना कळले, आणि त्यांनी ते तसेच राहू दिले.

मागे रुमाल हलत असणार. मग हाका आल्या. मग दातांचे डॉक्टर आले.

“वहिनी, साहेब बोलावताहेत. म्हणतात, कोट उलटा झालाय.”

“त्यांना म्हणावं, तुम्हीच इकडे या.”

डॉक्टर गर्दीतून वाट काढत गेले आणि परत आले. “येता येत नाही म्हणतात.”

“का?”

“तिपाई सोडता येत नाही म्हणे. मी म्हटलं, मी धरतो. तर म्हणाले, तसं नव्हे. कसं ते मात्र सांगत नाहीत.”

काकू आता पुन्हा वळल्या, पण या वेळी रुमालाकडे पाहायला नव्हे. काका भिंतीला पाठ घट्ट लावून, बुडत्या होडीची डोलकाठी धरावी तशी तिपाई धरून उभे होते. इतकी वर्षे त्यांना हेच दृश्य दिसत आले होते. पण नजर रुमालावर असल्यामुळे रुमाल धरणारा माणूस कसा उभा असतो हे त्यांनी पाहिले नव्हते. त्या चालत त्यांच्यापाशी गेल्या.

“बरं नाही का वाटत?”

“वाटतंय की.”

“मग चला कठड्यापाशी.”

“इथून दिसतंय सगळं.”

“इथून मी दिसते,” काकू म्हणाल्या. “ते तुम्हाला घरीही दिसतं.”

काकांनी तिपाईचा एक स्क्रू सैल केला आणि पुन्हा घट्ट केला. “मला कड चालत नाही,” ते अखेर म्हणाले.

“म्हणजे?”

“चक्कर येते. पाय आपोआप पुढे जातील असं वाटतं.”

“केव्हापासून?”

“पहिल्यापासूनच. त्यात सांगण्यासारखं काय आहे?”

काकूंच्या डोळ्यांपुढून एकदम घर सरकले. दिवे नेहमी त्याच बदलत. माळ्यावरची पेटी त्याच उतरवत. गॅलरीत कपडे वाळत घालायला काका कधी म्हणून जात नसत, आणि यात पुरुषी आळस आहे असे समजून त्यांनी कितीतरी वर्षे व्यवस्थित टोमणे मारले होते. डोंगर टेबलावर आडवे झोपवून त्यांची नोंद करणाऱ्या या माणसाला स्टुलावर चढता येत नव्हते.

पण दया येण्याआधी त्यांना राग आला. “म्हणजे मला जगाच्या कडेकडेनं उलटं चालवलंत, आणि स्वतः संडासाच्या भिंतीला टेकून!”

“हळू बोल गं.”

“का हळू? मागे ज्वालामुखी फुटत होता!”

“तू होतीस ना तिथे,” काका म्हणाले. ते अगदी हळू बोलत होते. “कडेकडे बघवत नाही मला, काचेतूनही नाही. मग मी तुझ्याकडे बघायचो. तू पडत नव्हतीस. तू पडत नाहीस म्हटल्यावर आजूबाजूचंही थोडं थोडं बघता यायचं.”

प्रमाणपट्टीचा हा उपयोग भूमापन खात्याला माहीत असण्याची शक्यता कमी होती. काकूंनी काकांच्या खांद्यावरची धूळ झटकली. ती तिथे फारशी नव्हती.

“उभ्यानं चालवत नसेल तर बसून चला,” त्या म्हणाल्या. “पण चला. मला हे एकटीनं बघायचं नाहीये.”

आणि तिपाई दातांच्या डॉक्टरांच्या हवाली करून, भूमापन खात्याचे निवृत्त मुख्य आरेखक डोळे गच्च मिटून, बायकोचा हात धरून निघाले. अर्ध्या वाटेवर ते खाली बसले. पुढचे अंतर त्यांनी बसल्या बसल्या सरकत कापले. माणसे बाजूला होऊन वाट देत होती. सहलीची व्यवस्थापक मुलगी धावत आली.

“काका, काय झालं? पडलात का? व्हीलचेअर मागवू?”

“नको गं,” काकू म्हणाल्या. “आम्ही जरा बघायला चाललोय.”

“गाडी सुटायची वेळ झालीय, काकू.”

“मग सुटेल. ती काही घळीएवढी जुनी नाही.”

मागे डॉक्टर ओरडले, “साहेब, ऊन उतरतंय! मी दाबू का बटण?”

“दाबू नका!” काका मिटल्या डोळ्यांनीच ओरडले. “कुणी उभं नाहीये तिथे!”

कठड्याशी येऊन काकांनी त्याची खालची सळई दोन्ही हातांनी पकडली आणि ते मांडी घालून बसले. काकूही कोट सावरून शेजारी टेकल्या. वाऱ्याने काकांचे उरलेसुरले केस उभे राहिले होते. आता प्रदर्शनातली शेवटची चौकट रिकामीच राहणार हे दोघांनाही कळले होते.

“उघडू?” काकांनी विचारले.

“घाई नाही.”

काकांनी एक डोळा किलकिला केला, लगेच मिटला, पुन्हा उघडला. ते म्हणाले, “खाली नदी आहे.”

“असणारच. हे सगळं तिनंच केलंय म्हणे.”

“एवढीशी तर दिसतेय.”

“दुसराही डोळा उघडा,” काकू म्हणाल्या.

काकांनी तो उघडला, सळई सोडून काकूंच्या कोटाची बाही दोन्ही हातांनी धरली, पण डोळे मिटले मात्र नाहीत.