शेवटचं प्यादं राखणारे भानुदास गुरुजी

भानुदास गुरुजींना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत म्हणून त्यांच्या विद्यार्थ्यांनी हा अंक काढायचं ठरवलं. अंकाचं काम बघणारा आमच्या गावचा संतोष मेंढरांच्या तळावर आला आणि म्हणाला, "काकू, तुमी बी लिवा." मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. म्हटलं, मी काय लिवू? तर म्हणाला, "गुरुजींनीच तुमचं नाव सांगितलंय. चांगलं लिवा म्हंजी झालं." गुरुजींनीच नाव सांगितलं म्हटल्यावर मी खरं तेच लिहिणार. बाकी गोड लिहिणारे पुष्कळ असतील.

गुरुजींची आणि माझी पहिली ओळख भांडणातून झाली. माझी पोरगी कोमल तेव्हा दुसरीत होती. पावसाळ्यात आम्ही गावात असतो. तिला कोकरांना पाला आणायला धाडलं होतं. कोकरं ओरडायला लागली तरी पोरीचा पत्ता नाही. हुडकत गेले तर ही गुरुजींच्या ओट्यावर बुद्धिबळाच्या पटापुढं मांडी घालून बसलेली.

मी रस्त्यातूनच ओरडले, "गुरुजी, तुमी झालाव रिटायर. आमच्या पोरीला कामं हायत!"

गुरुजींनी मान वर न करता सांगितलं, "बसा बाई. एवढी एक मात होऊ द्या."

"किती वेळ लागतोय मात व्हायला?"

"तुमच्या पोरीला उमगली तर लगेच. नाहीतर दिवस मावळेल."

मी बसले. न बसून काय करते, पोरगी उठतच नव्हती. पटावर तिचा राजा आणि दोन हत्ती, गुरुजींचा नुसता राजा. एवढं असून तिला त्या राजाला कोंडता येईना. ती हत्ती घेऊन नुसती त्याच्या मागं लागायची, शह, शह, शह, आणि राजा एक घर बाजूला सरकायचा. मला तर तो पट उधळून द्यावा वाटला.

गुरुजींनी तिचा हात धरला. "बाळा, मेंढा वाघुरीत घालताना तू त्याच्या मागं पळतेस का?" वाघूर म्हणजे आमची मेंढरं कोंडायची जाळी.

कोमल म्हणाली, "न्हाई. मागं पळलं की त्यो लांब जातोय. बाबा एका अंगाला उभं ऱ्हात्यात, मग मी दुसऱ्या अंगानं येती."

"मग एक हत्ती म्हणजे तुझे बाबा. त्यांना उभं कर. राजाला ती ओळ बंद. आता तू ये."

तिनं एक हत्ती उभा केला, दुसरा आणला. मग पहिला पुढं, मग दुसरा. राजा मागं मागं सरत पटाच्या कडेला गेला. कोमल बराच वेळ त्याच्याकडं बघत बसली. "आता ह्यो कुठं जाईल?"

"कुठंच नाही. यालाच मात म्हणतात."

"मग रडंल की."

गुरुजी हसले नाहीत. त्यांनी डब्यातून एक प्यादं काढलं आणि आपल्या राजाच्या बाजूनं पटावर ठेवलं. म्हणाले, "म्हणून हे त्याच्याजवळ राहू द्यायचं. शेवटचं प्यादं खायचं नाही. त्याच्यासकट मात द्यायची. समोरच्याला पार उघडं करून हरवण्यात कसली मर्दुमकी?"

जुन्या देशी डावात तशी रीतच होती, असं मला त्यांनी पुढं समजावून सांगितलं. समोरच्याचं सगळं खाऊन राजा एकटा ठेवला तर त्याला बुर्जी म्हणतात, आणि तो पुरा विजय धरत नाहीत. गुरुजी त्यांच्या वडिलांकडून असंच शिकले. त्यांच्या लेखी तो खेळाचा नियम नव्हता, वागायची पद्धत होती.

आणि ते तसंच वागत आले, हे मी आमच्या घरच्या गोष्टीवरून सांगते. एकदा आमची मेंढरं एका बागायतदाराच्या हरभऱ्यात शिरली. चूक आमचीच होती. त्यानं सगळा कळप कोंडवाड्यात घालायचं ठरवलं. गुरुजींना मधे बोलावलं. ते आमच्या मालकांना, म्हंजी कोमलच्या बाबांना, चार माणसांत लई बोलले, दंडही भरायला लावला. पण शेवटी बागायतदाराला म्हणाले, "व्यालेल्या मेंढ्या आणि कोकरं सोडा. ती कोंडून तुम्हाला काय मिळणार?" त्यानं सोडली. कोकरं वाचली.

आता त्या स्पर्धेचं लिहिते. तेवढ्यासाठीच हा कागद घेतला.

दिवाळी झाली की आम्ही मेंढरं घेऊन चाऱ्यामागं निघतो, ते पाऊस पडल्यावर परत. पोरांची शाळा अर्ध्यात तुटते. कोमल चौथीत होती त्या पावसाळ्यात जिल्ह्याला लहान पोरींची बुद्धिबळाची स्पर्धा होती. पहिल्या दोघींना निवासी शाळेत जागा मिळणार होती. राहणं, जेवण, दहावीपर्यंत शिक्षण. कोमलला ती जागा मिळाली असती तर तिची पायपीट सुटली असती. गुरुजी स्वतः आम्हा दोघींना एसटीनं घेऊन गेले. कोमल जिंकत जिंकत शेवटच्या डावाला आली. तो जिंकला की जागा पक्की.

मोठ्यांना आत सोडत नव्हते. मी आणि गुरुजी खिडकीबाहेर उभे होतो. मला पट नीट कळत नव्हता, पण कोमलचे दोन्ही हत्ती दिसत होते, आणि समोरच्या पोरीचा राजा आणि एक प्यादं. मी म्हटलं, "गुरुजी, जिकली की ही!"

गुरुजींनी खिडकीचा गज धरला. प्यादं कोमलच्या हत्तीच्या सरळ वाटेत होतं. तिनं ते सोडून राजाला कोंडायला घेतलं. राजा हत्तीच्या अंगावर आला, म्हणून हत्ती लांब न्यावा लागला, तेवढ्यात प्यादं एक घर पुढं सरकलं. पुन्हा तसंच झालं.

"खा ते," गुरुजी तोंडातल्या तोंडात म्हणाले. "खा बाळा, खा ते."

आत कसं ऐकू जाणार? प्यादं शेवटच्या घराला पोचलं आणि त्याचा वजीर झाला. पुढं हत्ती गेले, मग डाव गेला.

कोमल बाहेर आली ती रडत नव्हती. सरळ गुरुजींपुढं जाऊन उभी राहिली. "गुरुजी, म्या न्हाई खाल्लं."

तिला शाबासकी पाहिजे होती.

मी तिला गदागदा हलवून विचारलं, "का न्हाई खाल्लं? खाल्लं असतंस तर काय झालं असतं?"

"त्याच्याजवळ तेवढं एकच व्हतं की, आई."

गुरुजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग ते आत जाऊन तिथल्या साहेबांना म्हणाले की पोरीची चूक नाही, मी चुकीचं शिकवलं, एक डाव परत घ्या. साहेबांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि नाही म्हणून सांगितलं. तेही बरोबरच होतं. येताना एसटीत कोमल माझ्या मांडीवर झोपली.

दुसऱ्या दिवशी गुरुजी आमच्या दारात आले. आमच्या मालकांपुढं उभं राहून म्हणाले, "चूक माझी आहे. स्पर्धेत ते प्यादं खायचं असतं, हे मी तिला सांगायला पाहिजे होतं. माझ्या डोक्यातच आलं नाही."

मालक म्हणाले, "जाऊ द्या गुरुजी. खेळ हाय त्यो."

"खेळ नव्हता. तिची शाळा होती."

मालक भले माणूस. मी तशी नाही. मी म्हटलं, "व्हय, चूक तुमचीच हाय." गुरुजींनी मान डोलावली आणि म्हणाले, "हो." आयुष्यात आमचं नुकसान पुष्कळांनी केलं. दारात येऊन चुकलो म्हणणारे हे एकटेच. गौरव करायचा तर मी याचा करीन.

तेवढ्यावर ते थांबले नाहीत. आम्ही मेंढरं घेऊन चाऱ्यामागं लांब गेलो की गुरुजी एसटीनं यायचे, "मेंढरं कुणाच्या रानात बसलीत?" असं विचारत उन्हातून तळावर पोचायचे. पिशवीत पुस्तकं असायची. कोमल मेंढरांमागं आणि गुरुजी कोमलच्या मागं, पाढे म्हणत. आमचे मालक हसायचे, "गुरुजी, तुमाला बी एक काठी देऊ का?" गुरुजी म्हणायचे, "द्या की."

एवढं करूनही व्हायचं ते झालंच. सातवीनंतर कोमलची शाळा सुटली ती सुटलीच. गुरुजींनी जीव ओतला म्हणून सगळं ठीक झालं, असं लिहिलं तर ते खोटं होईल.

त्यांच्या ओट्यावर अजून पोरं येतात. दोन हत्तींची मात ते अजून तशीच शिकवतात. पण प्यादं आलं की म्हणतात, "हे खायचं." म्हणताना पोरांकडं बघत नाहीत. कोमल मात्र त्यांच्याशी खेळताना अजूनही खात नाही. मला राग येतो. गुरुजींना काय होतं, ते मी विचारलेलं नाही.

आता कोमल बाहेरून दहावीला बसली आहे. मागच्या मार्चला गणितात नापास झाली. स्थळं यायला लागलीत. मालकांनी सांगितलंय, एकदाच अजून, न्हाई झालं तर लगीन. गुरुजींच्या एका डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं नाही, दुसऱ्यानं अंधुक दिसतं. म्हणून कोमल गणित मोठ्यानं वाचते, गुरुजी डोळे मिटून ऐकतात आणि कुठं चुकली ते सांगतात. परवा ती पाटी आपटून म्हणाली, "न्हाई जमत मला." गुरुजी म्हणाले, "मलाही आता दिसत नाही. तरी मी उठलो का? बस."

गुरुजी, तुमच्या कार्यक्रमात सगळे तुम्हाला शंभर वर्षं मागतील. द्यायचं ते देव देईल. मी एवढं मागते की तुम्ही वेळेवर गोळ्या घ्या, एकट्यानं एसटीत चढू नका, आणि कोमलचा निकाल लागेपर्यंत त्या ओट्यावरून हलू नका. पास झाली तर पुढचं मागायला मी स्वतः येईन. नापास झाली तरी येईन, आणि तेव्हा तर तुम्ही तिथं पाहिजेच. तिच्या बाबांपुढं पुन्हा उभं राहायला दुसरं कुणी नाही.