गुलाबी मामा

गुलाबी मामांच्या कानांवरून आम्ही ओळखायचो, आज कारखान्यात कुठला रंग निघाला ते. संध्याकाळी मद्रासच्या मांबळम स्टेशनवरून ते घरी येत तेव्हा आंघोळ झालेली असे, वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, बदललेली असे, कपाळाला ताजं गंध असे, पण कान मेले दगा द्यायचे. कधी किरमिजी, कधी शेवाळी आणि बहुतेक वेळा गुलाबी. एकदा येता येता त्यांनी घामेजल्या हाताने शेजारच्यांची पांढरी गाय थोपटली. झालं! तिच्या पाठीवर गुलाबी पंजा उमटला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोन बायका हळदकुंकू घेऊन गायीसमोर हजर. मामा खिडकीत उभे राहून हसत होते आणि खाली जाऊन खरं सांगायला तयार नव्हते. म्हणे, गायीला चार दिवस मान मिळतोय, आपण कशाला मोडता घाला.

मामा तंजावरकडचे मराठी. त्यांचं मराठी ऐकून मला पहिल्यांदा वाटलं, हा माणूस पेशव्यांच्या दरबारातून थेट मद्रासला आला आणि वाटेत तमिळ हेल उचलून घेतला. मी पुण्याहून लग्न होऊन आलेली, जिभेला धार. मी त्यांना विचारलं, ‘मामा, तुम्ही असं काय बोलता?’ तर म्हणाले, ‘आम्ही बरोबर बोलतो. तुम्ही लोकांनी तिकडे बिघडवून ठेवलें.’ माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठा माणूस मला ‘अम्मा’ म्हणायचा. तिकडे लेकीसुनांना तसंच म्हणतात. मला सुरुवातीला फार राग यायचा, मग त्याशिवाय चुकल्यासारखं वाटायला लागलं.

मद्रासजवळच्या गिंडीत रंगाचा कारखाना होता, तिथे ते लाल शेडचे, म्हणजे लाल रंग बनतो त्या भागाचे, फोरमन होते. लुंग्या, साड्या रंगवणाऱ्या विणकरांना तिथून रंग जायचा. आमचे ‘हे’ त्यांच्याच हाताखाली, लग्नाच्या कितीतरी आधीपासून. त्या शेडमध्ये मामांनी एक प्रथा पाडली होती. नवा माणूस लागला की थोड्या दिवसांत त्याच्या लघवीला रंग यायचा. तसा तो आला, की त्याने सगळ्यांना केसरी खिलवायची. केसरी म्हणजे आपला शिराच, पण रंग घातलेला. त्यानंतर तो पक्का लाल शेडवाला. आणि मला हे कोणी सांगितलं नाही हो! लग्नानंतर ह्यांनी एकदा सांगितलं, शेडमध्ये शिरा न्यायचाय, एक नवा पोरगा लागलाय, त्याला घरी करणारं कोणी नाही. मी सत्यनारायणाला करतात तसा केळं घालून, साजूक तुपातला, मोठा डबाभर करून दिला. वर तुळशीपत्र ठेवलं! कारण कळलं तेव्हा मी दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाही. मामा मात्र रस्त्यात भेटले की म्हणायचे, ‘अम्मा, असला प्रसाद कोणत्याही देवाला मिळाला नसेल.’

हसण्यावारी सगळं चाललं होतं. त्यातच शेडमधली जुनी माणसं एकेक करून जायला लागली. पहिला गेला तेव्हा लोक म्हणाले, वय झालं. दुसरा गेला, तेव्हा म्हणाले, मूतखडा असेल. नंतर आणखी एक गेला. रोग सगळ्यांचा एकच, मूत्राशयाचा कॅन्सर. मालक म्हणाले, ही माणसं तंबाखू खातात, पाणी पीत नाहीत, मद्रासचा उन्हाळा कोणाला चुकलाय? मामा म्हणाले, तंबाखू तर पॅकिंगवालेही खातात, उन्हाळा त्यांनाही आहे, मग त्यांना का होत नाही? मालकांनी पंखा मोठा करायला सांगितला.

मग मामांच्या धाकटीचं लग्न तंजावरला झालं. ते भली मोठी रजा काढून गेले आणि परत आले ते गप्प होऊन. मामा गप्प म्हणजे गल्लीतला बाजारच बंद. ओसरीवर बसून त्यांनी ह्यांना सांगितलं, ते मी दाराआडून ऐकलं. ‘रजेत हळदीशिवाय दुसरा रंग पाहिला नाहीं. तरी लघवीला लाल होतें. रंग असता तर उतरला असता की. तें रक्त आहे. आणि आम्ही त्यावर केसरी खाल्ली.’

इतकी वर्षं लाल दिसलं की सगळे म्हणायचे, रंग आहे. कोणाला कशाला शंका येईल? आणि ती प्रथा कोणी पाडली, तर ह्याच माणसाने. दुसरा कोणी असता तर कपाळ धरून बसला असता. मामांनी तसं केलं नाही. त्यांना शेडमधली पोरं वाचवायची होती, पण पोरं इस्पितळाचं नाव काढलं की पळायची. रोग निघाला तर नोकरी जाईल ही भीती, आणि शिवाय असल्या दुखण्याची लाज. तेव्हा मामांनी स्पर्धाच लावली! पोंगलच्या, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या, सुट्टीत कोणी रंगाला हात लावायचा नाही. सुट्टी संपली की प्रत्येकाने लघवीची बाटली भरून आणायची, वर नावाची चिठ्ठी. ज्याचं पाणी सगळ्यात स्वच्छ, त्याला जरीकाठी वेष्टी. केसरीच्या नादाने जी माणसं इतकी वर्षं नाचली, ती वेष्टीच्या नादाने नाचायला लागली. घरोघरी नुसता पाण्याचा मारा! शेजारची सून म्हणाली, आमचे हे नारळपाण्याशिवाय दुसरं काही पोटात जाऊ देत नाहीत.

बाटल्या कोपऱ्यावरच्या नन्नारी, म्हणजे अनंतमुळाच्या, सरबतवाल्याकडून आणल्या होत्या आणि त्यावरची लेबलं कोणी काढली नव्हती. त्या दोन टोपल्यांत घालून मामा बसने मोठ्या इस्पितळात निघाले. कंडक्टर वाकून वाकून बघतोय. कुठल्या दुकानाचं सरबत म्हणाला, रंग निरनिराळा कसा म्हणाला, आणि एक चाखायला द्या म्हणाला. मामा अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाले की हे मालकाला न विचारता देता येत नाही, प्रत्येक बाटलीचा मालक वेगळा आहे. मामींनी मला हे सांगितलं तेव्हा आम्ही दोघी पोट धरून हसलो. माझ्या हातातलं ताकाचं भांडं सांडलं.

त्याच संध्याकाळी मामा आमच्याकडे आले. हे घरी नव्हते. पाटावर बसले, कॉफी नको म्हणाले, आणि म्हणाले, ‘अम्मा, तुझ्या नवऱ्याचें पाणी गंगेसारखें निघालें. वेष्टी त्यालाच द्यायला हवी.’ मी खूश! मग ते म्हणाले, ‘माणसाचें असें नसतें. त्याला वासही नाहीं. तें तुमच्या विहिरीचें आहे.’

मी अशी का बघते म्हणून ते थांबले नाहीत. सरळ सांगितलं, ज्याचं चांगलं आहे तो विहिरीवर जात नाही. ह्याला आधीच कळलेलं आहे, आणि तो तुझ्यापासून लपवतोय. उद्या सकाळी तू त्याला घेऊन ये. ऐकला नाही तर भांड, तुला ते येतं.

मी भांडले. असं भांडले की अख्ख्या गल्लीला पुण्याचं मराठी समजलं. ह्यांनी शेवटी कबूल केलं, दिवाळीच्या सुट्टीत रंगाला हात लावला नव्हता, तरी लाल होतं. सकाळी इस्पितळात जाताना मी रडतही होते आणि शिव्याही देत होते, आणि रिक्षावाला बिचारा मागे वळून वळून बघत होता.

इस्पितळातले डॉक्टर विलायतेत शिकून आलेले होते. त्यांनी मामांचं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, दोष लाल रंगाचा नाहीच. तो रंग बनवायला जी पांढुरकी पूड वापरतात, तिचा आहे. मामांना आधी खरंच वाटेना. सगळा जन्म लाल धूत बसलो आणि त्या पांढरीला उघड्या हाताने कालवलं, म्हणाले, आणि हसत सुटले. डॉक्टरही हसले. मला तिथेच दोघांचा राग आला.

ह्यांच्यासकट तिघांचं लवकर सापडलं होतं. आतली गाठ जाळून काढता आली. मामांचं उशिरा. कॉटवर पडल्या पडल्या त्यांनी निरोप धाडला, पांढऱ्या पुडीला कोणी हात लावायचा नाही. एकानेही लावला नाही. मालक चार दिवस ओरडले, पाचव्या दिवशी पुडीच्या गोण्या उचलल्या गेल्या. मामांनी ते ऐकलं आणि नर्सला विचारलं, तुमच्याकडे जेवणात आज गोड काय आहे?

त्याच उन्हाळ्यात ते गेले.

तेराव्याला आम्ही दोघं गेलो. मला मामींसमोर मान वर करवेना. माझं माणूस शेजारी उभं होतं आणि त्यांचं नव्हतं. मी रडायला लागले तर त्यांनी माझा हात धरून खाली बसवलं. म्हणाल्या, ‘तूं कसाला रडतेस? तुझा आहे की. त्याच्यासाठीच तर ह्यांनी एवढा खटाटोप केला.’

मग त्यांनी ह्यांचं पान मांडलं, स्वतः वाढलं, आणि भिंतीला टेकून समोर बसल्या. हे जेवत होते. मामी शेवटचा घास संपेपर्यंत बघत राहिल्या, आणि विचारलं, अजून भात घालू का?