दादाची शिकवणी

फोन दादाच्या शेजारणीचा होता. "ताई, चिकू सकाळपासून भुकून राहिला, अन् दादा दार उघडून नाही राहिले." सौसरहून पांढुर्ण्याला पोचेपर्यंत बसमध्ये मी स्वतःची समजूत घालत होते. घशाच्या ऑपरेशननंतर दादाला बोलता येत नव्हतं, हाक ऐकली तरी ओ देता येत नव्हती, म्हणून लोक घाबरले असतील... मी पोचले तेव्हा दाराची कडी तोडलेली होती. दादा खाटेवर होता, गळ्यापर्यंत नीट पांघरूण घेतलेलं, आणि त्याचा कुत्रा चिकू खाटेखाली. दादाला जाऊन आता पाच आठवडे झाले.

सुधाकरदादा माझा थोरला भाऊ. जन्मभर नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात होता. नळ सोडला की गल्लीच्या टोकावरून एकच हाक द्यायचा आणि शेवटच्या घरापर्यंत बायका बादल्या घेऊन बाहेर यायच्या, असा आवाज. पण तापट. त्याच्या रागाचा सगळा मार निलेशनं, त्याच्या एकुलत्या मुलानं खाल्ला. दहावीत गणित राहिलं तेव्हा दादानं त्याला कमरेच्या पट्ट्यानं मारलं. मी मधे पडले तर एक वळ माझ्याही हातावर उठला. पुढे निलेश पुण्याला नोकरीला लागला आणि दिवाळीचे दोन दिवस यायचा. वहिनी गेल्यावर तेही एखाद्या वर्षी राहून जायचं.

चिकू आला तो निवृत्तीनंतर. तिगावला कोणाच्या तरी लग्नाला दादा गेला होता, तिथं स्टेशनाबाहेर हे पिल्लू त्याच्या मागं लागलं आणि तो त्याला पिशवीत घालून घेऊन आला. वर्षभरात ते दांडगं झालं. एक दिवस लाडानं शेजारच्या आजींच्या अंगावर झेपावलं; आजी पडल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. कुत्रा वळणावर आणा, नाहीतर जाम नदीच्या पल्याड सोडून या, असं गल्लीनं बजावलं. दादानं काठी काढली. त्याला एकच रीत माहीत होती. तिसऱ्या दिवशी त्याचा मला फोन आला. "काय वं, हा कुत्रा मले पाहूनच मुतून राहिला. खाटेखालून निघतच नाही. मी का चुकून राहिलो?"

साठ वर्षांत 'मी का चुकून राहिलो' असं त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्याला सांगितलं की काठी फेकून द्या. एका वेळी एकच शब्द शिकवायचा, तो एकदाच म्हणायचा, त्यानं ऐकलं की त्याच क्षणी तुकडा द्यायचा आणि कौतुक करायचं. दहा मिनिटांच्या वर नाही, आणि आपल्याला राग आला की शिकवणी बंद. दादानं हे सगळं वहीत लिहून आणलं. उकडलेल्या कलेजीचे बोटभर तुकडे करून तो अंगणात बसू लागला. आधी 'बस' शिकवलं. पण आमच्याकडं निम्मा कारभार हिंदीत. दूधवाला माप ओतायला लागला की दादा म्हणायचा, "बस, बस," आणि चिकू बिचारा दोनदा बसायचा. मग दादा त्याची माफी मागून हसायचा. शेवटी शब्द बदलून 'बैठ' केला. त्यानंतर 'थांब', मग 'ये', मग 'सोड'. चार शब्दांना चार महिने लागले. आजी काठी टेकत अंगणातून गेल्या आणि चिकू जागचा हलला नाही, त्या दिवशी दादाच्या डोळ्यांत पाणी होतं.

मी ती शिकवणी व्हिडिओ कॉलवर निलेशला दाखवली. दादा चिकूचे कान कुरवाळत म्हणत होता, "शाब्बास बेटा, शाब्बास." निलेशनं ते शेवटपर्यंत पाहिलं. मग म्हणाला, "आत्या, हे घर आपलंच आहे ना?" आणि फोन ठेवला.

ते मी दादाला सांगायला नको होतं कदाचित. मी सांगितलं. त्यानं हातातला कलेजीचा तुकडा वाटीत परत ठेवला. "त्याले फोन करतो मी," म्हणाला. मी दर आठवड्याला विचारायची, केलास का? "करतो वं. का बोलू ते ठरवून राहिलो." ठरवता ठरवता पावसाळा गेला आणि घसा बसला. आयुष्यभर तंबाखू-सुपारीचा खर्रा खाल्लेला. नागपूरला नेलं तेव्हा जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढावं लागेल, एवढंच उरलं होतं. निलेश आला, सह्या केल्या, रात्री बाकावर बसून राहिला. ऑपरेशनच्या आधी दोघांना एकत्र सोडून मी मुद्दाम चहाला गेले. परत आले तर दोघं खिडकीबाहेर पाहत होते.

दादा घरी आला तेव्हा चिकू नाचत धावला. दादानं सवयीनं 'बैठ' म्हणायला तोंड उघडलं आणि गळ्याच्या भोकातून नुसती हवा फुसफुसली. चिकू मागं सरकला आणि दादावरच भुंकू लागला...

पंधरा दिवसांनी दादानं शिकवणी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली, आता हातांनी. तळवा खाली, तळवा समोर, हात छातीशी. वाटीवर बोट वाजवलं की शाब्बास. अंगात ताकद नव्हती. पाच मिनिटांत घाम फुटायचा. मी म्हटलं, कशाला रे जिवाला त्रास? त्यानं वहीत लिहिलं, 'शिकलेलं कुत्रं कोणी बी ठेवते.' मी रविवारी जायची तेव्हा तो मलाही त्या खुणा दाखवू पाहायचा. मला बस गाठायची घाई असायची. पुढच्या रविवारी, म्हणायची मी. निलेशला दोन ओळी लिही, असं एकदा म्हटलं तर त्यानं पेन उघडलं, बराच वेळ धरून ठेवलं आणि लिहिलं, 'लिहून नाही होत.' मग दुखणं उलटलं, आणि डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हणून सांगितलं.

सगळं आटोपल्यावर चौथ्या दिवशीही चिकू खाटेखालून निघत नव्हता. पाण्यालाही तोंड लावत नव्हता. मी आठवतील तसे हात केले. तो माझ्या हाताकडं पाहायचा आणि मान फिरवायचा. निलेश दारात उभा होता. तो हळूच म्हणाला, "चिकू, ये."

हुबेहूब दादाचा आवाज. चिकू ताडकन बाहेर आला, कान उभे, शेपटी जमिनीवर आपटत. "बैठ," निलेश म्हणाला. चिकू बसला आणि मान वर करून वाट पाहू लागला. आता शाब्बास म्हणायचं होतं. निलेशचे ओठ हलले, पण तो शब्द काही त्याला म्हणता आला नाही. चिकूनं त्याचे पाय हुंगले, हात हुंगले. शेपटी थांबली. तो उठून परत खाटेखाली गेला.

"आत्या, मला नाही नेता येणार त्याला," निलेश म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी गेला.

चिकू आता सौसरला माझ्याकडं आहे. शिकलेलं बहुतेक विसरला. मागच्या आठवड्यात पोस्टमनच्या अंगावर गेला, तेव्हापासून साखळीला असतो. दोन्ही वेळा मी त्याच्यापुढं ताटली ठेवते. तो लगेच तोंड घालत नाही. माझ्या हाताकडं पाहत बसतो. खा म्हणायची दादाची काहीतरी खूण असणार, ती मी शिकले नाही. थोडा वेळ तो वाट पाहतो... मग मीच आत निघून जाते, म्हणजे तो खातो.